'विषारी प्रोटीन' आणि 'मेंदूतल्या गाठी', घरच्यांना सांगायला नेमका शब्द कुठला?

कृष्णाकाठ (सांगली)
मंडळी, प्रश्न शब्दांचाच आहे. आमच्या थोरल्या मावशीला अल्झायमर निघाला, डॉक्टर समजावताना म्हणाले मेंदूत टॉक्सिक प्रोटीन साठून गाठी होतात आणि पेशी मरतात. झालं! विश्रामबागेत घरी पोचेपर्यंत मामांचं 'गाठ म्हणजे कॅन्सरच की ओ, ऑपरेशन करून काढून का टाकत नाहीत' सुरू, आणि मामींनी दुसऱ्या दिवशीपासून मावशीची डाळ नि अंडं बंद केलं, का तर प्रोटीन विषारी आहे म्हणाले ना. ती बाई आधीच जेवायला कुरकुरते. आता घरातल्या सगळ्यांसाठी पानभर सरळ मराठीत लिहून ठेवणार आहे, तर टॉक्सिक प्रोटीन, गाठ वगैरेला काय लिहू?

मिरजेचा लॅबवाला
आधी डाळ सुरू करा, शब्द मागनं बघू. ताटातलं प्रोटीन पोटात पचून त्याची अमिनो आम्लं होतात, ते काय तसंच मेंदूत जाऊन बसत नाही. हे प्रोटीन मेंदूच्या पेशी स्वतःच बनवतात. अल्झायमरमधे मुख्य दोन. पेशीच्या पडद्यात एक मोठं प्रोटीन असतं, एन्झाइम ते कापतात आणि त्यातून बीटा अमायलॉइडचा तुकडा सुटतो, बहुतेक वेळा ४० अमिनो आम्लांचा, कधी ४२ चा, आणि हा ४२ वाला लई चिकट. ते एकमेकांना चिकटत पेशींच्या बाहेर साठतात. दुसरं टाऊ, ते पेशीच्या आत. पेशीत बारीक नळ्या असतात, त्यांच्यावरून पेशीचा माल लांब टोकापर्यंत जातो, टाऊचं काम त्या नळ्या धरून ठेवायचं. त्याच्यावर फॉस्फेट प्रमाणाबाहेर चढले की ते नळी सोडतं आणि आपसात गुंतत जातं, मग मालाची ने-आण पण विस्कटते. म्हणून बाहेरच्याला 'चकत्या' आणि आतल्याला 'गुंता' म्हणा. गाठ अजिबात नको, गाठ म्हटलं की पेशी वाढल्या असं वाटतं, इथं उलट मेंदू आक्रसत जातो. अलॉइस अल्झायमरनी १९०६ मधे जे मांडलं त्यात ह्या दोन्ही गोष्टी होत्या.

वाईकर
'विषारी'ला माझा विरोध. विषारी म्हटलं की साप नाहीतर द्राक्षावरची फवारणी डोळ्यापुढं येते, म्हणजे बाहेरून आलेलं काहीतरी. टाऊ तर मुळात कामाचं प्रोटीन. प्रोटीन ही लांब साखळी असते, ती ठरावीक पद्धतीनं दुमडली तरच काम करते, म्हणून 'घडी बिघडलेलं प्रोटीन' लिहा. आमच्या गावचा विश्वकोश प्रथिन म्हणतो, मलाही तोच शब्द आवडतो, पण मामींना प्रथिन म्हणालात तर त्या शाळेचं पुस्तक समजून बाजूला ठेवतील. जाता जाता, अमायलॉइड म्हणजे शब्दशः स्टार्चसारखं. १८५४ मधे फिरखो ह्या जर्मन डॉक्टरनं आयोडीन टाकून रंग बघितला आणि स्टार्चच्या जातीचं काहीतरी समजला, पाचच वर्षांत ते स्टार्च नाही, प्रोटीनच्या जातीचं आहे हे कळलं, तरी नाव आजतागायत तेच. त्यामुळं आपणच एवढे सोवळे कशाला राहा.

कराडची सिस्टर
थांबा, 'विषारी' एकदम काढू नका. चकत्या दिसायला मोठ्या, पण जास्त घात करतात ते त्याच्या आधीचे छोटे छोटे पुंजके असं आता मानतात. ते दोन पेशींच्या सांध्यावर बसतात, निरोप जायचे अडखळतात, पेशीत कॅल्शियमचा हिशोब चुकतो, मेंदूतल्या सफाई करणाऱ्या पेशी चिडून सूज आणतात. ही करणी विषाचीच झाली की. चकत्या भरपूर असून स्मरणशक्ती ठणठणीत असलेली माणसं पण असतात, विसरण्याचा मेळ टाऊच्या गुंत्याशी जास्त बसतो. म्हणून 'बिघडलेल्या प्रोटीनचे विषारी पुंजके' लिहा, म्हणजे विष कुठं आहे ते कळतं.

आणि मामांना सांगा, काढायचा प्रयत्न पण चाललाय. लेकॅनेमॅब म्हणून अँटिबॉडी आहे, अमेरिकेत २०२३ मधे तिला पूर्ण मान्यता मिळाली. अमायलॉइड साफ करते, पण आजार सुरुवातीचा असेल तरच, आणि ट्रायलमधे १८ महिन्यांत घसरण २७ टक्क्यांनी हळू झाली एवढंच. गेलेलं परत येत नाही, शिवाय मेंदूत सूज नि रक्तस्राव होऊ शकतो म्हणून वरचेवर एमआरआय.

कृष्णाकाठ
भारी. अजून एक, डॉक्टर म्हणाले ते एका भागातून दुसरीकडं पसरतं. 'पसरतं' लिहिलं की परत कॅन्सर.

मिरजेचा लॅबवाला
'विरजण' बसतंय बघा. बिघडलेला एक रेणू शेजारच्या चांगल्याला धरून आपल्यासारखा करतो, थोड्याशा दह्यानं सगळं दूध बदलावं तसं. प्रायॉन म्हणजे आजार करणारं घडी बिघडलेलं प्रोटीन, त्याचं असंच असतं, प्रायॉन हा शब्द प्रुसिनर ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९८२ मधे काढला आणि १९९७ चं नोबेल घेतलं. पार्किन्सनमधे अल्फा सायन्यूक्लिन ह्या प्रोटीनचंही असंच होत असावं असं बरेच जण मानतात.

कराडची सिस्टर
विरजण चांगलंय पण खाली लगेच लिहा की माणसातनं माणसाला लागत नाही, नाहीतर मामी ताट-वाटी वेगळी करतील! आमच्याकडं एका आजींच्या नातवाला जवळ जाऊ देत नव्हते, खरंच.

वाईकर
पार्किन्सनला 'कंपवात' आहेच, फक्त काहींना कंप नसतोच, नुसता ताठरपणा आणि चाल मंद, ते घरच्यांना पटत नाही, ही त्या शब्दाची अडचण.

कृष्णाकाठ
मग असं लिहितो: 'मावशीच्या मेंदूत तिथलंच एक प्रोटीन घडी बिघडून साठतंय. पेशींच्या बाहेर त्याच्या चकत्या, आत दुसऱ्या एका प्रोटीनचा गुंता. छोटे पुंजके विषारी, त्यानं पेशी मरतात. खाण्यातल्या प्रोटीनचा संबंध नाही, हा आजार कुणाला लागत नाही.'

कराडची सिस्टर
'मरतात'च्या जागी 'आधी कामातून जातात, मग मरतात' करा. दोन पेशींमधले सांधे तुटतात ते पेशी मरायच्या बरंच आधी, म्हणून तर मावशी सकाळी नाव विसरतात आणि संध्याकाळी तेच नाव घेऊन हाक मारतात. घरच्यांना वाटतं मुद्दाम करतीय.