वरून लाल पाणी, खाली पांढरे शर्ट (सोसायटी ग्रुप, लातूर)

१०२ काकू: परत तेच! दोरीवर तीन पांढरे शर्ट आणि यांचं धोतर होतं. वरून लाल पाणी ठिबकून सगळ्यावर गुलाबी चट्टे पडलेत. कुंड्यांच्या वेळीच सांगितलं होतं. मी कुणाचं नाव घेत नाही.

२०२ वहिनी: काकू, नवी साडी होती, पिळूनच टाकली होती. मुद्दाम कुणी करत नसतंय. आणि कुंड्यांचा विषय तेव्हाच मिटलाय.

१०४ आजोबा: कडक उन्हात टाका. डाग आपोआप जातो.

लॉन्ड्रीवाले मामा, दुकान ४: काकू, उन्हात टाकू नका! वाळूच देऊ नका. शर्ट उलटा करा, डागाच्या मागच्या बाजूनं गार पाण्याची धार सोडा. पाणी स्वच्छ यायला लागेपर्यंत. चोळू नका, डाग पसरतो. गरम पाणी आत्ताच नको, इस्त्री तर अजिबात नको. ओलं आहे तोवर रंग सैल असतो, वाळून इस्त्री फिरली की धरून बसतो.

३०३ दादा: पाणी स्वच्छ येईपर्यंत?? टँकरची वर्गणी भरा आधी, मग धार सोडा 😀

सेक्रेटरी: टँकरचं टँकरच्या ग्रुपवर बोला. 🙏

३०३ दादा: तिथं कुणी उत्तर देईना म्हणून इथं बोलायलोय.

४०३ मॅडम: काकू, कापड कोणतं आहे? त्यावर सगळं ठरतंय.

१०२ काकू: दोन शर्ट सुती, एक टेरिकॉट. धोतर सुती, काठाला जर आहे.

४०३ मॅडम: धोतर वेगळं ठेवा. त्याला फक्त गार पाणी आणि सौम्य साबण, जरीला बाकी काही लावू नका. तिन्ही शर्टांना ऑक्सिजनवाली डागाची पावडर चालते. पाकिटावर सोडियम परकार्बोनेट लिहिलेलं बघून घ्या. प्लास्टिकच्या बादलीत ५ लिटर कोमट पाणी, हाताला सोसेल इतपत गरम, त्यात ३ मोठे चमचे पावडर पूर्ण विरघळवा. मगच शर्ट बुडवा. वर ताट ठेवा, कपडा तरंगला तर तेवढाच भाग तसाच राहतो. ६ ते ८ तास भिजू द्या. काही तासांनी त्या पाण्याचा जोर संपतो, म्हणून डाग उरला तर नवं पाणी करा, त्यातच पावडर वाढवू नका. राहिलेलं पाणी झाकण लावून बाटलीत भरू नका, वायू सुटतो, बाटली फुटते.

२०४ ताई: त्यापेक्षा एक वाटी मीठ टाका ना. मीठ रंग ओढून घेतं.

४०३ मॅडम: ताई, उलट आहे. सुती कापडावर रंग चढावा म्हणून रंगारी मीठ घालतात. डागावर मीठ नको.

१०४ आजोबा: ऊन दाखवा म्हणलं ना. हळदीचा डाग एका दुपारात जातो.

लॉन्ड्रीवाले मामा, दुकान ४: आजोबा, हळदीपुरतं तुमचं खरंय. हळदीचा रंग उन्हात उडतो. साडीचा रंग मात्र उन्हात टिकावा म्हणूनच बनवलेला असतो.

२०४ ताई: मग थोडी नीळ?

लॉन्ड्रीवाले मामा, दुकान ४: नीळ पिवळेपणा झाकते, रंग काढत नाही. गुलाबीवर घातली की जांभळट दिसतं. डाग गेल्यावर घाला.

२०२ वहिनी: काकू, माझ्याकडं कपडे पांढरे करायचं लिक्विड आहे, बाटली पाठवून देते. शेवटी शेजारीच आहोत.

१०२ काकू: पाठवा. साडी पुढच्या वेळी आत वाळवली तर जास्त बरं होईल.

लॉन्ड्रीवाले मामा, दुकान ४: ते क्लोरिनचं आहे, जपून. फक्त त्या दोन सुती शर्टांना, आणि तेही पावडरनं भागलं नाही तरच. टेरिकॉटला मी लावत नसतो, पिवळं पडायची भीती असते. रेशीम, लोकर तर खाऊनच टाकतं. ५ लिटर गार पाण्यात ५० मिली, आधी पाण्यात मिसळा. थेट कपड्यावर ओतलं की तिथं कापड विरतं, दोन धुण्यांत भोक. ५ ते १० मिनिटं, मग दोनदा खळबळा. आधी आतल्या शिवणीवर एक थेंब टाकून बघा. आणि बोरचं पाणी घेऊ नका, त्यात लोखंड असलं की पांढऱ्यावर गंजासारखे पिवळे डाग उठतात. नळाचं पाणी घ्या.

३०३ दादा: नळाला पाणी येईल त्या दिवशी हा मेसेज पिन करा.

सेक्रेटरी: दादा, परत तेच. 🙏

४०३ मॅडम: एक फार महत्त्वाचं. या लिक्विडमध्ये लिंबू, व्हिनेगर, लिंबूसत्व किंवा संडास साफ करायचं ॲसिड मिसळू नका. क्लोरिन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये जीवावर बेततं. दोन्ही एकाच बादलीत एकामागून एक पण नको.

१०४ आजोबा: सगळ्यात सोपं म्हणजे ऊन.

२०४ ताई: आजोबा 🙏🙏

१०२ काकू: मामा, आणि एवढ्यानंही नाही गेलं तर?

लॉन्ड्रीवाले मामा, दुकान ४: मग हायड्रो, म्हणजे कापडाचा रंग उडवायची पावडर (सोडियम हायड्रोसल्फाइट). कापड रंगवायच्या रंगाच्या दुकानात मिळतं. पूर्ण पांढऱ्या कापडालाच वापरा, रंगीत धारी, भरतकाम, छापील अक्षरं सगळं उडवतं. स्टीलच्या पातेल्यात ५ लिटर चांगलं गरम पाणी, त्यात २५ ग्रॅम हायड्रो, एक चमचा धुण्याचा सोडा. खायचा नाही. १५ मिनिटं काठीनं हलवत राहा, मग गार पाण्यात खळबळा. गंधकाचा उग्र वास येतो, गॅलरीतच करा. क्लोरिनच्या पाण्यातून काढलेला शर्ट नीट न खळबळता यात टाकू नका.

१०२ काकू: हायड्रोची उरलेली पावडर ठेवली तर चालती का?

लॉन्ड्रीवाले मामा, दुकान ४: कोरड्या डब्यात, घट्ट झाकण लावून, लेकरांच्या हाताबाहेर. ओला चमचा घालू नका, ओल लागली की ती आपोआप तापते, पेटतेसुद्धा. त्यापेक्षा लागेल तेवढीच आणा.