शब्दचर्चा: ‘सिलेक्टिव्ह डोअर ऑपरेशन’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा: ब्रिटनमधील रेल्वेवरील एका लेखाचा अनुवाद करीत आहे. गाडी फलाटापेक्षा लांब असली, तर फलाटाला लागलेलीच दारे उघडू देणाऱ्या तेथील व्यवस्थेसाठी ‘निवडक द्वार परिचालन’ हा शब्द चालेल का?

प्रतिसाद १: ‘परिचालन’ हा शब्द रेल्वेच्या कार्यालयीन भाषेत गाड्या चालवण्यासाठी रुळलेला असून दारांसाठी तो फार जड होतो; मात्र खरी अडचण ‘निवडक’ची आहे. निवडक कविता किंवा निवडक पाहुणे म्हटले की वेचून घेतलेले, बहुधा सरस असे काही डोळ्यांपुढे येते. येथे कोणी दारे वेचत नाही. फलाट जेथे संपतो तेथे उघडण्याची मुभा संपते. हा अर्थ ‘-पुरता’ या प्रत्ययात नेमका सामावतो, म्हणून मी ‘फलाटापुरती दारे उघडणे’ असे लिहीन.

प्रतिसाद २: ‘-पुरती’ पटले, परंतु ‘उघडणे’ सर्वत्र बसणार नाही. ब्रिटनमधील पुष्कळ गाड्यांत चालक किंवा गार्ड दारे केवळ मोकळी करतो आणि प्रवाशाने बटण दाबल्यावरच ती उघडतात. त्यामुळे नियंत्रण असते ते या मोकळीकीवर. दक्षिण इंग्लंडमधील ‘इलेक्ट्रोस्टार’ गाड्यांत स्थानक कोणते हे जीपीएसवरून ओळखून किती डब्यांची दारे मोकळी करायची ते ठरते. लंडनच्या डॉकलँड्स लाइट रेल्वेवरील कटी सार्क हे 1999 मध्ये सुरू झालेले स्थानक भुयारात असल्याने त्याचे फलाट वाढवणे सोपे नव्हते, आणि गाड्या तीन डब्यांच्या झाल्यावर तेथे दोन्ही टोकांची काही दारे बंदच राहू लागली. स्कॉटलंडमधील ब्यूली येथे तर फलाट जेमतेम 15 मीटरचा आहे आणि एकच दार उघडते! तेथे ‘फलाटापुरते एकच दार’ हे वाक्य किती सहज येते, पाहा.

विचारणाकर्ता: मग ‘फलाटापुरती दारे मोकळी करणे’ हे क्रियापद ठेवतो. शीर्षकासाठी नाम मात्र हवे.

प्रतिसाद १: ‘फलाटापुरते दारनियंत्रण’ म्हणावे. भारतात लांब गाडी आखूड फलाटावर थांबली की आपण ‘डबा फलाटाबाहेर राहिला’ म्हणतो आणि सामान घेऊन खडीवर उतरतो, कारण बहुतेक गाड्यांची दारे प्रवाशाच्याच हाती असतात. त्यामुळे या नियंत्रणासाठी तयार बोलीशब्द आपल्याकडे असण्याचे कारण नव्हते. मजकुरात एकदा मूळ संज्ञा देवनागरीत द्यावी, पण ‘एसडीओ’ हे लघुरूप टाळावे. महाराष्ट्रातील वाचकाला त्यावरून थेट उपविभागीय अधिकारी आठवतील.