घरात पैशाचं वळण कसं लागलं? (अनुभव लिहा)

पेठकरीण: वाडा पाडायला जाणार म्हणून माळा आवरत होते, तर ट्रंकेत माझं संचयिकेचं पासबुक निघालं! शाळेतली बचत बँक. आम्ही मुलीच कॅशियर, आम्हीच कारकून. बाई शेवटी फक्त बेरीज तपासायच्या. घरी पगाराच्या दिवशी बाबा पाकीट देवापुढे ठेवायचे आणि आमच्यादेखत वाटण्या व्हायच्या: वाणी, दूध, फी, पोस्टाचं आरडी. काय परवडणार नाही ते तिथेच कळायचं, मागाहून कुणी रुसायचं नाही. माझा मुलगा अकरावीत आहे, सगळं यूपीआयवर. त्याला घरातला पैसा दिसतच नाही. तुमच्याकडे काय पद्धत होती? सगळ्यांनी लिहा प्लीज.

गल्ला: रविवार पेठ, भांड्यांचं दुकान, मारवाडी घर. खाऊचे पैसे हा प्रकारच नव्हता. शाळा सुटली की गल्ल्यावर. नोटा एका तोंडाने लावायच्या, फाटकी बाजूला. दहावीच्या सुट्टीत पप्पांनी उधारी वसूल करायला धाडलं. समोरचा चहा पाजतो, पैसे देत नाही, तरी गोड बोलूनच परत यायचं. हे फार अवघड.

पुठ्ठा_पत्रा: आई कचरा वेचायची. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना 1993 ला झाली, आई सुरुवातीपासून सभासद. तिला अक्षरओळख नव्हती. संध्याकाळी भंगारवाल्याची चिठ्ठी माझ्यापुढे टाकायची. पुठ्ठा इतके किलो, काच इतकी, दर अमुक. मी कागदावर गुणाकार करायचो, ती बोटांवर, आणि तिचा आकडा आधी यायचा. जुळलं नाही की मला घेऊन परत दुकानावर. "वाच. मोठ्यानं वाच." काट्याशेजारी उभा राहून मी वाचायचो आणि तो माणूस मुकाट फरक द्यायचा. पतसंस्थेची पावतीसुद्धा रोजच्या रोज वाचून घ्यायची. पुढे सावकाराची पायरी ती कधी चढली नाही. मी आज अकाउंट्समध्ये आहे ते त्या चिठ्ठ्यांमुळे.

कोथिंबीर: डोळे भरून आले. आईंना नमस्कार सांगा 🙏

पुठ्ठा_पत्रा: सांगतो ताई. तिलाच वाचून दाखवतोय हा धागा.

अकरा_मारुती: आजीची सगळी पुंजी एका सहकारी बँकेत. निर्बंध आले, पैसे अडकले, तेव्हा ठेवींवरचा विमा 1 लाखाचाच होता. फेब्रुवारी 2020 पासून 5 लाख झाला. आमच्या पोरांना पाढ्यांबरोबर हेही पाठ आहे, सगळं एका बँकेत ठेवायचं नाही.

बोहरी_आळी: आमच्या घरात व्याज घेणंही नाही, देणंही नाही. जमातीत बिनव्याजी कर्ज मिळतं, कर्जन हसना. ईदचे कपडे नंतर, हप्ता आधी. अब्बांनी तोंडाने कधी काही शिकवलं नाही, हप्ता भरायला जाताना बरोबर न्यायचे.

शिवार: हिंजवडीकडचे आम्ही. आयटी पार्क आलं, जमिनींचे भाव चढले, एजंट दारात. आजोबांनी नातवंडांना ओळीने बसवून सातबारा वाचायला शिकवला. गट नंबर, क्षेत्र, इतर हक्कात बोजा आहे का. आत्यांची नावं का लागली आहेत तेही. अजून जमीन आहे आमची. बाकी संध्याकाळी लिहितो, ट्रॅफिकमध्ये अडकलोय.

कोथिंबीर: विषयांतर होतंय, पण लेकीचं खातं काढायचंय, बारा वर्षांची आहे. तिला एकटीला चालवता येईल?

गल्ला: हो ताई. दहा वर्षं पूर्ण असली की येतं, रिझर्व्ह बँकेने 2025 ला सगळ्या बँकांना तसं कळवलंय. रकमेची मर्यादा मात्र ज्या त्या बँकेची. स्लिप तिलाच भरू द्या.