डिक्सी डीनचे ६० गोल

फुटबॉलमधला ऑफसाइडचा नियम (बचावपटूंच्या पुढे उभ्या खेळाडूला चेंडू देण्यावरचं बंधन) १९२५ मध्ये सैल झाला म्हणून एव्हर्टन या इंग्लिश क्लबच्या डीनला ६० गोल करता आले, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं. नियम सगळ्यांसाठीच बदलला होता. पहिल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे इंग्लिश लीगच्या तेव्हाच्या सर्वोच्च गटात, एका मोसमात ६० गोल मात्र त्यानं एकट्यानंच केले, तेही ३९ सामन्यांत आणि वयाच्या एकविसाव्या वर्षी!

५ मे १९२८. एव्हर्टनचं मैदान गुडिसन पार्क, समोर आर्सेनल, मोसमातला शेवटचा सामना. डीनच्या खात्यात ५७ गोल. आदल्या वर्षी जॉर्ज कॅमसेलनं दुसऱ्या डिव्हिजनमध्ये ५९ केलेले, तोच मोडायचा विक्रम. डीनचे दोन गोल लवकर झाले, त्यातला एक पेनल्टीवर. मग बराच वेळ काहीच नाही. सामना संपत आला असताना सहकारी अ‍ॅलेक ट्रूपचा कॉर्नर आला आणि डीननं हेडरनं तो जाळ्यात धाडला. १९२६ च्या मोटारसायकल अपघातात ज्याची कवटी फ्रॅक्चर झाली होती, त्याच माणसाचं हे डोकं. मला हे आजही थक्क करतं.

एव्हर्टन १९३० मध्ये दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरला, तरी डीन संघ सोडून गेला नाही. पुढच्या तीन वर्षांत एव्हर्टननं दुसरी डिव्हिजन, पहिली डिव्हिजन आणि एफए कप ही इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा, ओळीनं तिन्ही जिंकले. १९८० मध्ये डीननं प्राण सोडला तोही गुडिसन पार्कवरच, लिव्हरपूलविरुद्धचा सामना पाहताना.