कळंगुटला सहा जणांसाठी स्वीट घ्यावा का? बुकिंगच्या आधी काय तपासावं?

मांजराकाठ (लातूर)
डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गोव्याला जायलोत. चार मोठे, दोन लेकरं. आईचे गुडघे दुखतात. कळंगुटला एका हॉटेलात 'वन बेडरूम स्वीट' दिसायलाय: बेडरूम, हॉल, किचनेट, 'बीच ५ मिनिटांवर', 'सहा जणांची सोय'. रात्रीचे ८,००० रुपये, टॅक्स वेगळा. त्याच हॉटेलात ४,००० च्या दोन साध्या खोल्या पण मिळायल्यात. फोटो चकाचक आहेत, पण त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा? पैसे भरायच्या आधी नेमकं काय विचारावं?

गोदाकाठ
फोटो राहू द्या, आधी चौरस फूट विचारा. आणि बेडरूम-हॉलच्या मधे भिंत अन् लागणारं दार आहे का, ते. ज्युनियर किंवा स्टुडिओ स्वीट असेल तर ती एकच मोठी खोली असते, कोपऱ्यात सोफा टाकलेला. सहा जणांना साडेचारशे चौरस फुटांच्या खाली जाऊ नका; रात्री गाद्या पडल्या की बाथरूमला जायला वाट उरत नाही.

मग एसी. सगळ्यात जास्त फसगत इथं होते. एसी बेडरूममधे आणि हॉलमधे नुसता पंखा. डिसेंबरात रात्र निभावून जाईल, पण दुपारी हॉलमधे बसवत नाही. 'दोन्ही खोल्यांत वेगळा एसी आहे का, आणि लाइट गेल्यावर जनरेटरवर चालतो का' असं सरळ विचारा. 'पॉवर बॅकअप आहे' एवढ्या उत्तरावर गप बसू नका, बऱ्याचदा त्यात फक्त दिवे-पंखे येतात.

सोफा-कम-बेड उघडल्यावर लांबी सहा फूट भरते का? कमी असेल तर मोठ्या माणसाचे पाय बाहेर, आणि मधली दांडी पाठीत रुतते ती वेगळीच. तिथं लेकरं झोपवा.

बाथरूम किती, हे तर विचाराच. समुद्रावरून सगळे एकदमच परततात, अंगभर वाळू. १५ लिटरच्या गिझरमधून गार पाणी मिसळून दोन-अडीच बादल्या कोमट पाणी निघतं, मग पुन्हा तापायला १५-२० मिनिटं. एका बाथरूमवर सहा जण म्हणजे शेवटच्याची अंघोळ जेवणाच्या वेळेला.

आणखी एक. कळंगुट-कांदोळी पट्ट्यातले बरेच स्वीट हे मुळात अपार्टमेंटमधले फ्लॅट असतात. मालक वेगवेगळे, चालवणारा एक. फोटो एकाचा, ताबा दुसऱ्याचा. म्हणून मजला आणि फ्लॅट नंबर बुकिंगच्या मेसेजमधे लिहून घ्या अन् त्याच फ्लॅटचा व्हिडिओ कॉल मागा. गेटपासून सुरू करायला लावा, म्हणजे पायऱ्या आणि लिफ्ट दिसते. आत कपाटाची मागची भिंत आणि एसीखालचा कोपरा दाखवायला सांगा. खाऱ्या दमट हवेनं बुरशी तिथंच धरते, आणि नवा रंग मारला तरी कपाट उघडल्यावर कुबट वास लपत नाही.

धाराशिवकर
'५ मिनिटं' गाडीनं का पायी? नकाशावर हॉटेलपासून किनाऱ्याची सरळ रेघ मोजू नका. वाळूत उतरायचा जो सार्वजनिक रस्ता आहे तिथवरचं पायी अंतर लावा. मधे खाजगी आवारं आडवी येतात. कळंगुटला लागूनच्या बागा किनाऱ्याच्या खाडीपलीकडचं हॉटेल तर नकाशात समुद्राला चिकटलेलं दिसतं, प्रत्यक्षात पुलावरून वळसा. गुडघे दुखणाऱ्यांसाठी ४००-५०० मीटरच्या पुढं नको. शेवटचा टप्पा भुसभुशीत वाळूचा असतो, तो सपाट रस्त्यापेक्षा जड जातो.

बागाच्या क्लबांच्या बाजूनं घेऊ नका. उघड्यावर मोठ्यानं वाजवायला रात्री १० नंतर बंदी आहे, पण गाड्या अन् गर्दीचा कालवा कुठं थांबतोय. शांतता पाहिजे तर कांदोळीकडचं टोक बघा. गाडी नेणार असाल तर आवारात पार्किंग आहे का तेही विचारा.

खामकाठ
टॅक्सचा हिशोब कुणी केला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० पर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी, त्याच्या वर १८. तुमचा स्वीट ८,००० चा, म्हणजे ९,४४०. दोन खोल्या ४,००० च्या, म्हणजे मिळून ८,४००. शिवाय बाथरूम दोन. स्वीटच घ्यायचा असेल तर घासाघीस ७,५०० च्या आत आणायची. तिथं ७,८७५ मधे काम होतं.

मांजराकाठ (लातूर)
हे डोक्यातच नव्हतं. पण किचनेटमुळं जीव अडकलाय. आईला बाहेरचं चालत नाही, निदान एक वेळ भाकरी तरी टाकता यावी.

गोदाकाठ
मग किचनेटमधे काय आहे ते बघा. बहुतेक ठिकाणी इंडक्शन असतं. ॲल्युमिनियमचं पातेलं, साधा कुकर त्याच्यावर तापतच नाही. लोखंडी तवा चालतो, पण बूड सपाट पाहिजे. आपला खोलगट तवा मधेच तेवढा तापतो अन् भाकरी कडेला कच्ची राहते. शेवटी जाळावर फुगवायची सोय नाही, फडक्यानं दाबून तव्यावरच भाजावी लागेल. पीठ, परात, सपाट तवा घरून न्या. गॅसची छोटी टाकी नेऊ नका, हॉटेलवाले आत घेत नाहीत आणि रेल्वेत तर मनाईच आहे.

इंडक्शन, गिझर, एसी एकदम लावू नका. पाच-साडेपाच किलोवॅट होतात; एकाच लाइनवर असतील तर १६ अँपिअरचा एमसीबी (लोड जादा झाला की आपोआप लाइट तोडणारा स्विच) थोड्या वेळात पडतो.

परभणीकर
माझं मत दोन खोल्यांना, पण एकाच मजल्यावर शेजारी-शेजारी देणार असतील तरच, आणि एकीत तरी इंडक्शन लावू देतात का ते विचारून. एक खोली तळमजल्यावर अन् दुसरी तिसऱ्यावर, असं झालं तर आईंची फरफट होते.

ॲडव्हान्स खाजगी नंबरवर टाकू नका. गोव्यात हॉटेलांना १९८२ च्या कायद्याखाली पर्यटन खात्याकडं नोंदणी करावी लागते, तो नंबर मागा. टाळाटाळ केली की सोडून द्या. आणि रातभर गाडी चालवून सकाळी सातला पोचणार असाल तर चेक-इन बहुतेक ठिकाणी दुपारी दोनला असतं. लवकर खोली मिळेल का, किती जादा घेणार, हे आजच लिहून घ्या. 'बघू' म्हणाले तर मिळणार नाही असंच धरून चाला.