टर्कीची शिकार आणि मावळलेली हौस : तुमचे अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. एप्रिलमध्ये कॅमोफ्लाजचे कपडे माळ्यावरून खाली येतात आणि मे संपला की घडीही न मोडता परत वर जातात, असं ज्यांचं होऊ लागलंय त्यांच्यासाठी हा धागा.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो. वसंतातल्या टर्कीच्या शिकारीचं वेड मला ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने लावलं. थँक्सगिव्हिंगच्या ताटातली गुबगुबीत पांढरी टर्की डोळ्यांपुढे आणू नका. रानटर्की काळसर, उंच पायांची, पिसांवर तांब्याची झाक, पळण्यात पटाईत आणि नजरेने फार तिखट. रात्री झाडावर बसते, उजाडताना खाली उतरते. त्याआधी अंधारात त्या झाडाच्या आसपास पोचून एखाद्या जाड बुंध्याला पाठ लावून बसायचं आणि मादीचा आवाज काढून नराला बोलवायचं. आमच्या राज्यात वसंतात दबकत मागावर जाणं बेकायदा आहे, बोलवूनच आणावा लागतो. त्यात गंमत अशी की रानात नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे जाते. आपण त्याला उलट मागतो. म्हणून तो निम्म्या वाटेवर थांबतो, पिसारा फुलवतो आणि तिची वाट बघत बसतो. आपण पापणीही हलवायची नाही. पायाला मुंग्या, मानेवर डास, आणि गोचीड चढलीय की नुसता भास होतोय याचा विचार. हे सगळं मला मनापासून आवडतं, अजूनही.

पण हंगाम मे महिन्याभोवतीचा. पहिले दोन आठवडे सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून दुपारी बारापर्यंतच परवानगी. शिवाय इथे रविवारी शिकारीला पिढ्यान्‌पिढ्या बंदी होती, ती उठवणारा कायदा 2025 मध्ये झाला. म्हणजे नोकरदार माणसाच्या हातात इतकी वर्षं काय होतं? मे महिन्यातले शनिवार. आणि मे महिन्यातल्या शनिवारी मुलीचा सॉकर असतो, मंडळाचा कार्यक्रम असतो, कुणाच्या तरी मुलाचं ग्रॅज्युएशन असतं, कुणाच्या तरी मुलीचं अरंगेत्रम असतं.

खर्चाचं म्हणाल तर परवान्याला दोष देणार नाही, तो एकवीस डॉलरच्या आसपास मिळतो. काडतुसांनी मात्र डोळे पांढरे केले. आता बरेच जण टंगस्टनचे छर्रे वापरतात. शिशाच्या दीडपटीहून जास्त घन, त्यामुळे बारीक छर्राही लांबवर जोर धरतो. एक काडतूस दहा डॉलरच्या वर गेलंय. त्यात 2025 च्या फेब्रुवारीत चीनने टंगस्टनच्या निर्यातीवर निर्बंध आणले. बंदूक नीट बसते की नाही हे बघायला कागदावर दोन बार टाकायचे, तरी हात आखडतो.

तुमचं काय झालं? पैसा, वेळ, की मनच उडालं? टर्कीच हवी असं नाही, पहाटे उठून करायचा कुठलाही नाद चालेल. सल्ले नकोत, अनुभव लिहा.

मिझुरी, सेंट लुईसजवळ

आमचा हंगाम एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी उघडतो. सोमवारी! ज्याने हा वार ठरवला त्याला ऑफशोअर टीम नसणार.

मी मागे एकदा आडमुठेपणाने गेलोच. घराजवळचंच रान, सकाळचा कॉल तिथूनच घेऊ म्हटलं. तोंडात डायफ्रॅम कॉल, म्हणजे टाळूला चिकटवायची रबराची चकती, एका कानात इअरबड. उजाडलं तसा समोरच्या उतारावरून नर ओरडायला लागला. मी एकदा हलकेच यल्प, म्हणजे मादीची साद, केलं, त्याने लगेच उत्तर दिलं. मग बराच वेळ काही नाही. आणि ओरडायचं थांबवून तो मुकाट्याने चालत येतोय हे लाल डोकं झुडपातून वर आल्यावर कळलं. नेमकं तेव्हाच कानात, "तुझ्याकडे काय स्टेटस?" चकती तोंडात असताना बोलता येत नाही. ती काढायला हात उचलला, तिकडून 'पट्' असा एकच कोरडा आवाज आला आणि डोकं गायब. त्यांचा धोक्याचा इशारा आहे तो. मी स्टेटस दिलं.

त्यानंतर परवाना काढतो, जात नाही. रात्री दहाला प्रॉडक्शनचं काहीतरी निघतं, साडेबारा होतात. साडेतीनचा गजर लावण्यात अर्थ राहत नाही. पैशाचा प्रश्न माझ्यापुरता तरी नाही. झोपेचा आहे.

टेक्सस, ऑस्टिनच्या पश्चिमेला

वर म्हटलंय पैशाचा प्रश्न नाही. आमच्याकडे येऊन बघा. टेक्ससमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खासगी आहे. मिझुरी-पेनसिल्व्हेनियासारखं सरकारी रानात घुसायची सोय नावापुरती. शिकार करायची तर कुणाचा तरी रँच भाड्याने घ्यायचा. आम्ही काही जणांनी मिळून वर्षाची लीज घेतली होती. हरणं, रानडुकरं आणि वसंतात रिओ ग्रँड जातीच्या टर्की, सगळं त्यात. नदीकाठच्या पिकान झाडांवर संध्याकाळी थवेच्या थवे बसायला यायचे, फडफडाट ऐकत चुलीपाशी बसायचो.

मग मालकाने भाडं वाढवलं. एकाला ते झेपेना, तो बाहेर पडला. त्याचा वाटा उरलेल्यांवर. मग दुसऱ्याने डेकेअरची फी आणि घराचा प्रॉपर्टी टॅक्स दाखवला, तोही गेला. प्रत्येक जण गेला की मागे राहणाऱ्याचा आकडा फुगतो. शेवटी आम्ही तिघे राहिलो आणि तिघांनी एकाच जेवणात ठरवलं की पुरे. कुणाचाही उत्साह कमी नव्हता. माझा अजूनही नाही. 'वेळ नाही' म्हणायला बरं दिसतं, 'परवडत नाही' म्हणायला आपली माणसं लाजतात, एवढंच माझं निरीक्षण.

न्यू जर्सी (शिकाऱ्याची बायको)

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. आमच्याकडे पहाटे तीनचा गजर व्हायचा. हा उठायचा बारा सेकंदांत, बाळ उठायचं त्याच्याही आधी. बुटांचा चिखल, गाडीत पिसं, फ्रीजरमध्ये वाण्याकडे मिळणार नाहीत असली पुडकी.

मांसाबद्दल सांगते, कारण त्यावर कुणी बोललं नाही. छातीचं मांस सोपं, दही-आलं-लसूण लावून तव्यावर होतं. तंगड्या म्हणजे शिक्षा. आयुष्यभर डोंगर चढलेला पक्षी तो, आत काडीसारखे टणक स्नायुबंध. पहिल्या वर्षी चिकनसारख्या तीन शिट्ट्या केल्या, दातांनी हार मानली. मग मंद आचेवर तासभर कुकर ठेवायचा, मांस बोटांनी सोडवायचं, बंध उपसून टाकायचे आणि सासूबाई पाठवतात तो कांदा-लसूण मसाला घालून रस्सा. भाकरीबरोबर असा लागतो की दुकानातली टर्की नंतर भुश्शासारखी वाटते.

गेली काही वर्षं हा जात नाही. विचारलं की काडतुसं महाग झाली, पेट्रोल महाग झालं. मी हिशेब ठेवते घरचा, म्हणून सांगते: बरोबर जाणारा मित्र बदली होऊन नॉर्थ कॅरोलायनाला गेला, त्या वसंतापासून गजर बंद झाला. काडतुसं त्यानंतर महाग झाली. शनिवारी सकाळी सोफ्यावर बसून दुसऱ्यांच्या टर्की शिकारीचे व्हिडिओ बघतो. आवाज तोच, फक्त आता बाळाऐवजी मी उठते.

रत्नागिरी

टर्की पाहिली नाही, पण धागा आमचाच आहे. मी गरवणारा. काळ्या खडकावर उभं राहून गरी टाकायची, तांबोशी नाहीतर जिताडा लागला तर लागला. आधी बांबूची काठी होती, मग पुण्यातल्या पोरांचं बघून रॉड आणि रीळ आलं, मग नकली मासे आले. त्यातला एक खडकात अडकून तुटला की बाजारात किलोभर चांगली मासळी आली असती एवढे पैसे गेले. आई हे दर वेळी बोलून दाखवते, आणि खोटं बोलत नाही.

पण खरी गोची भरतीची. भरतीची वेळ रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. मी बँकेत, दर आठवड्याची नक्की सुट्टी रविवारी. म्हणजे रविवार, पहाट आणि चढतं पाणी हे तिन्ही एका रेषेत यायला हवेत. पावसाळ्यात खडकावर जाणं म्हणजे जीवाशी खेळ, तो काळ गेलाच. जमून येतं तेव्हा नेमकं कुणाचं तरी लग्न असतं. त्यात आमच्या नेहमीच्या खडकाकडे उतरणारी वाट एका रिसॉर्टच्या कुंपणात गेली. लांबून वळसा घालून जाता येतं. दोनदा गेलो. बरोबरचे काका गुडघ्यामुळे येईनासे झाले आणि एकट्याने तो वळसा फार लांब वाटतो. न्यू जर्सीच्या वहिनी, तुमचं वाचून हसलो आणि मग हसलो नाही.

पुणे

शिकारीचा मी विरोधक, आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर हा विषय तसाही मिटला. पक्ष्यांचे फोटो काढतो. पण लेन्सचे हप्ते, भिगवणच्या बोटीचं भाडं आणि शनिवारचं हाफ डे ऑफिस, बाकी मजकूर सगळा सारखाच.

विस्कॉन्सिन

आमच्याकडची पद्धत ऐका. वसंताचा हंगाम सहा तुकड्यांत विभागलेला असतो, प्रत्येक तुकडा बुधवार ते मंगळवार, एक आठवड्याचा. कुठला आठवडा आणि कुठला विभाग हवा त्याचा अर्ज 10 डिसेंबरपर्यंत करायचा, मग सोडत निघते. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आपण एप्रिलच्या टर्कीचा अर्ज भरतोय. बऱ्याच जणांना हे जाचक वाटतं. माझी हौस त्यानेच टिकवली. आठवडा लागला की त्याच दिवशी रजा टाकतो. ऑफिसात एप्रिलची रजा जानेवारीत मागणारा दुसरा कुणी नसतो, सहज मिळते. 'जमलं तर जाऊ' म्हणणाऱ्यांचं कधी जमलेलं मी बघितलेलं नाही.

हौस गेली होती ती वेगळ्याच कारणाने. एका म्हाताऱ्या डेअरीवाल्याच्या शेतात जायचो. कागद नाही, करार नाही. दर वर्षी मार्चमध्ये त्याच्या गोठ्यात जाऊन तासभर दुधाच्या भावावर बोलायचं, दिवाळीचा राहिलेला चिवडा द्यायचा, तीच परवानगी. तो गेला, मुलांनी शेत विकलं, नव्या मालकाने पहिल्या आठवड्यात पाट्या ठोकल्या. त्यानंतर दोन वसंत मी अर्जच केला नाही. पुढच्या डिसेंबरला सवयीने केला आणि सरकारी जंगलात गेलो. गर्दी असते, पण बुधवारी नसते.

खर्च कमी करायला टंगस्टन सोडलं. साधं शिशाच्या पाच नंबरच्या छर्ऱ्यांचं काडतूस वापरतो आणि तीस यार्डांच्या आत आल्याशिवाय बंदूक उचलत नाही. नर चाळीसवर घुटमळून परत जातो तेव्हा शिव्या देतो, एवढाच तोटा.

आणि मिझुरीकर, एक ऋण मान्य करतो. आमच्या टर्की तुमच्या आहेत. इथल्या पार संपल्या होत्या. 1976 मध्ये तुमच्या राज्याने टर्की पाठवल्या आणि बदल्यात आमच्याकडून रफ्ड ग्राऊस नावाचे रानपक्षी नेले. पकडून नव्या रानात सोडायच्या अशाच कामातून देशभरात 1930 च्या दशकात दोनेक लाखांवर आलेल्या टर्की पुन्हा साठ लाखांपुढे गेल्या. त्याला पैसा आला तो शिकाऱ्यांच्या परवान्यांतून, आणि बंदुका-काडतुसांवरच्या दहा-अकरा टक्के करातून, जो 1937 च्या कायद्याने वन्यजीवांच्या कामासाठी राखला. तेव्हा धागाकर्ते, तुमचं दहा डॉलरचं काडतूस महाग आहे हे कबूल, पण त्यातला थोडा भाग परत रानातच जातो.

ओहायो

नवीन आहे, एच-वन-बीवर. हंटर सेफ्टीचा कोर्स ऑनलाइन बघून ठेवलाय, पण मित्र म्हणतात आपल्या व्हिसावर बंदूक हातात धरली तरी गुन्हा. इथे सगळे हौस मावळल्याचं लिहितायत, माझी अजून उगवायचीय. खरं काय ते सांगाल का?

धागाकर्ता

ओहायोकर, मित्र अर्धं बरोबर सांगतायत. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही, पण चालू, वैध शिकार परवाना असेल तर त्याला अपवाद आहे. आधी कोर्स, मग परवाना, मग बाकीचं, आणि परवान्याची मुदत कधी संपते यावर डोळा. बंदुकीला हात लावण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचाराच. बरोबर जायला कुणी जुनाजाणता नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मेमध्ये इकडे चार तासांवर या. बाहेरच्या राज्याचा परवाना काढावा लागेल आणि तो एकवीस डॉलरला मिळत नाही हे आधीच सांगून ठेवतो. पण मागे बसून नुसतं ऐकायला परवाना लागत नाही, पहिल्या वर्षी तेवढंच करा.

वहिनी, रश्श्याची कृती वेगळ्या धाग्यात सविस्तर टाका, माझ्याकडच्या तंगड्या दोन वर्षं फ्रीजरमध्ये आहेत.

मिझुरीकर, बटण दाबून वाजवायचा लाकडी टर्की-कॉल मिळतो. एका हाताने चालतो, तोंड स्टेटससाठी मोकळं राहतं. फक्त माइक म्यूट आहे ना ते बघून मग बटण दाबा.