सीन नदीवरचं उद्घाटन टीव्हीवर फसलं का?

मागचा_बाक (धागाकर्ता)

पॅरिस ऑलिंपिकचा उद्घाटन सोहळा, २६ जुलै २०२४. उन्हाळी ऑलिंपिकचा स्टेडियमबाहेर झालेला हा पहिलाच. ऑस्टरलिट्झ पुलापासून त्रोकादेरोपर्यंत नदीतून साधारण सहा किलोमीटर, ८५ बोटी, सहा हजारांवर खेळाडू, दिग्दर्शक थॉमस जॉली. भारतात रात्री अकराला सुरू झाला, संपता संपता तीन वाजले.

माझं मत सरळ सांगतो: कल्पना झकास, पण टीव्हीवर फसली. कारण या सोहळ्याचा कणा म्हणजे संचलन, आणि तेच दिसलं नाही.

स्टेडियमात काय होतं ते बघा. पथक बोगद्यातून येतं, कॅमेऱ्यांच्या जागा ठरलेल्या असतात. आधी नावाच्या पाटीसकट पूर्ण पथक, मग ध्वजवाहक, मग चेहरे. दोनशेच्या वर पथकं आणि दोन तास, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला अर्ध्या मिनिटाच्या आसपास. कमी आहे, पण समान आहे. बोटीवर हे गणितच मोडलं. २०५ पथकांना ८५ बोटी, म्हणजे एका बोटीत सरासरी दोनाहून जास्त देश. पडद्यावर नाव वाचेपर्यंत बोट पुढे, आणि तेवढ्यात एखाद्या गच्चीवरचा नाच सुरू. आपले ध्वजवाहक सिंधू आणि शरथ कमल यांच्या हातातला तिरंगा दिसला न दिसला तोच कट.

लंडन २०१२ ला प्रत्येक पथकाबरोबर एक तांब्याची पाकळी आली होती, आणि त्या २०४ पाकळ्या जोडून ज्योतीचं पात्र झालं. संचलनाला काम दिलं की प्रेक्षक दोन तास बसतात. पॅरिसमध्ये संचलन हे दोन नाचांच्या मधलं भरताड झालं.

ओबी_व्हॅन

असहमत. दुखणं बरोबर ओळखलंत, औषध चुकलं. नदीचा दोष नाही, सरमिसळीचा आहे.

बारा प्रवेश आणि बोटी एकमेकांत गुंफायचं ठरलं, तेव्हाच व्हिजन मिक्सरवर (कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र पडद्यावर जाणार ते निवडणाऱ्या यंत्रावर) बसलेल्याची पंचाईत झाली. स्टेडियमात एका वेळी एकच गोष्ट चालू असते. इथे एका पुलावर नाच, दुसऱ्या पुलाखालून बोट आणि ज्योत घेऊन पळणारा मुखवटाधारी, सगळं एकाच वेळी. काहीतरी सुटणारच. पहिला तास फक्त प्रवेश आणि मग सलग बोटी असं केलं असतं, तर तुमची तक्रार निम्मी झाली असती.

आणि पाऊस विसरू नका. लेन्सवर थेंब बसला की काय होतं ते लेन्सवर अवलंबून असतं. वाईड लेन्सला तो थेंब चक्क दिसतो, गोल. लांबच्या झूमला थेंब म्हणून दिसत नाही, चित्रावर दुधाळ डाग पडतो आणि कॉन्ट्रास्ट जातो. दोन्हींत इलाज एकच: फ्रेम सोडायची, पुसायचं, परत यायचं. म्हणजे मिक्सरवाल्याच्या हातातून तेवढा वेळ एक कॅमेरा गेला. काठावरचे चार कॅमेरे एकाच सुमारास पुसायला गेले की समोरून जाणारा देश गेलाच. बोट काही परत येत नाही, बोगदा मात्र जागेवर असतो. एवढ्यापुरता तुमचा मुद्दा मान्य.

बोटींवर दोनशेच्या वर मोबाइल फोन कॅमेरे म्हणून लावले होते. त्यातून आलेले खेळाडूंचे चेहरे मला स्टेडियमातल्या कुठल्याही चेहऱ्यांपेक्षा जवळचे वाटले.

ताल_बेताल

कॅमेऱ्याचं सोडा. लेडी गागाचा भाग आधीच चित्रित केलेला होता, आणि 'थेट प्रक्षेपण' म्हणून दाखवला. ही फसवणूक नाही तर काय? जिवंत सोहळा म्हणायचं आणि डबा उघडायचा. बीजिंग २००८ ला आकाशातल्या त्या पावलांच्या आतषबाजीतला काही भाग संगणकावर केलेला निघाला आणि जगभर बोंब झाली. पॅरिसला सूट का?

ओबी_व्हॅन

सूट नाही, फरक आहे. बीजिंगमध्ये जे आकाशात तसं दिसलं नव्हतं ते दाखवलं. इथे बाईंनी सीनकाठच्या त्याच पायऱ्यांवर त्याच दिवशी नाच केला, फक्त ओल्या दगडावर टाचांचे बूट घालून रात्री करायला लावलं नाही. पावसाचा अंदाज होता. पडद्याच्या कोपऱ्यात 'आधी चित्रित' एवढं लिहायला हवं होतं, हे मात्र शंभर टक्के. लंडन २०१२ ची राणी आणि जेम्स बाँडची फीत तर उघड उघड आधीची होती, तिच्यावर कोणी रुसलं नाही.

आवाजाबद्दल तर हट्ट धरूच नका. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. नदी शंभर मीटर रुंद धरली तरी पलीकडच्या काठावर तो ०.३ सेकंद उशिरा पोचतो. सहा किलोमीटरला साडेसतरा सेकंद. टीव्हीवर आवाज चित्राच्या सव्वाशे मिलिसेकंद मागे पडला की लोकांना खटकायला लागतं. म्हणून अशा ठिकाणी प्रत्येक टप्प्यावरच्या स्पीकरला वेगळा विलंब द्यावा लागतो, आणि वादक-नर्तक कानातल्या एकाच ठोक्यावर चालतात. बहुतेक वेळा रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवरच. त्यात व्हायोलिनवर पाणी पडलं तर सूर बिघडतोच, लाकूडही फुगतं. उघड्यावरच्या सोहळ्यात खरा लाइव्ह मागणं म्हणजे पावसात रांगोळी मागणं.

शेवटची_फेरी

तुम्ही सगळे सोफ्यावर बसून बोलताय. खेळाडूंचं बघा ना. अर्धवट उघड्या बोटीवर, पावसात, प्लॅस्टिकचे रेनकोट घालून तासभर. २७ तारखेला सकाळीच १० मीटर एअर रायफल मिश्र सांघिक होती, आणि ती शाथोरूला, पॅरिसपासून अडीचशेच्या वर किलोमीटर. तिथल्या नेमबाजाने बोटीवर उभं राहावं का? भारताचे ११७ खेळाडू, पण बोटीवर खेळाडू आणि अधिकारी मिळून ७८. बाकीच्यांनी शहाणपणा केला.

मागचा_बाक

ते स्टेडियमातही होतं हो. शेजारच्या एखाद्या हॉलमध्ये तास-दीड तास थांबायचं, मग चालायचं, मग मैदानात उभं राहून भाषणं ऐकायची. बोटीवर उलट बसायला जागा होती. पावसाचं मान्य.

विझलेला_दिवा

सगळ्यात मोठा प्रश्न कोणी काढला नाही. ज्योत कुठे होती?

तुइलरी बागेत फुगा वर गेला, सुंदर दिसला, डोळे दिपले. पण ती आग नव्हती. सात मीटर व्यासाचं कडं, त्यात ४० एलईडी झोत आणि २०० फवारे. पाण्याच्या धुक्यावर प्रकाश. ऑलिंपियात सूर्यकिरणांनी पेटवलेली आग हजारो किलोमीटर आणायची आणि शेवटी दिवा लावायचा?

ओबी_व्हॅन

आग होती. फुग्याशेजारी कंदिलात वेगळी ठेवलेली होती, बागेत जाणाऱ्यांना दिसायची. आणि बार्सिलोना १९९२ आठवा. धनुर्धराचा बाण पात्रावरून पलीकडे जाईल असाच मारला होता, पेटला तो वर येणारा गॅस. तिथे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

शिवाय लंडनचं ते तांब्याचं पात्र, ज्याचं धागाकर्त्याला एवढं कौतुक, ते स्टेडियमच्या आत होतं. बाहेरच्या माणसाला दिसायचंच नाही, आणि तेव्हा त्यावर टीका झाली होती. पॅरिसचा फुगा रोज संध्याकाळी साठेक मीटर वर जायचा, शहरातून दिसायचा. जागेलाही अर्थ होता: १७८३ च्या डिसेंबरात याच तुइलरीतून माणसांना घेऊन हायड्रोजनचा फुगा उडाला होता. फ्रान्सचा ज्युदोपटू टेडी रिनेर आणि धावपटू मारी-जोझे पेरेक यांनी मशाल लावली तो क्षण टीव्हीवर फसला म्हणणाऱ्याला दंडवत.

विझलेला_दिवा

दिसायला छान हे मी आधीच म्हटलं. कंदील 'शेजारी' म्हणजे देव गाभाऱ्याबाहेर.

पाटी_वाचणारा

कलाबिला बाजूला ठेवा, साध्या चुका बघा. ऑलिंपिकचा ध्वज उलटा चढवला. ओळखायला अवघड नाही: वर तीन वलयं हवीत (निळं, काळं, लाल), खाली दोन. त्रोकादेरोला वर दोन होती. दोरीला लावताना दोन माणसांनी वेगवेगळं बघितलं की हे टळतं, एवढीच गोष्ट.

त्याहून वाईट म्हणजे दक्षिण कोरियाची घोषणा उत्तर कोरियाच्या नावाने, फ्रेंच आणि इंग्रजी दोन्हींत. पडद्यावरची पाटी बरोबर, निवेदन चूक. ऑलिंपिक समितीला माफी मागावी लागली. गंमत म्हणजे फ्रेंच अकारविल्ह्यात हे दोन देश शेजारीही नाहीत. दक्षिण कोरिया 'क'च्या गटात ४८ वा, उत्तर कोरिया 'र'मध्ये थेट १५३ वा. म्हणजे ओळ चुकली नाही, निवेदकाच्या कागदावर नावच चुकीचं असणार. पाटी आणि निवेदन वेगवेगळ्या यादीतून घेतलं की असंच होतं.

काठपदर

भारताच्या कपड्यांबद्दल दोन शब्द. इकतचा (सूत आधी रंगवून मग विणायच्या कापडाचा) छाप, साडी आणि कुर्ता-बंडी. विणलेलं नाही, छापलेलं, म्हणून टीका झाली. मला टीव्हीच्या दृष्टीने वेगळाच घोळ दिसतो. इकतची मजा असते कडांच्या पुसटपणात. पन्नास मीटरवरून त्या कडा विरघळतात आणि उरतो पांढरा कपडा. बोटीसाठी रुंद, सपाट रंगाचा काठ हवा. पैठणीचा काठ मांडवाच्या मागच्या रांगेतूनही कळतो, तसा.

मागचा_बाक

ओबी_व्हॅन, सरमिसळीचा मुद्दा पटला. गुंफण काढली असती तर निम्मं भांडण मिटलं असतं. तरीही देश दिसण्याची हमी नदी देत नाही, या मतावर ठाम आहे.

भारताने २०३६ साठी इच्छापत्र दिलं आहे. आता अनेकजण साबरमतीच्या काठावर बोटी सोडायला निघालेत. त्यांच्यासाठी सांगतो: पॅरिसची जूनमधली एक रंगीत तालीम सीनला प्रवाह जास्त म्हणून पुढे ढकलावी लागली होती. तिथे उन्हाळ्यात एवढं पाणी अनपेक्षित. आपल्याकडे जुलै म्हणजे भर पावसाळा, आणि साबरमतीचं पाणी बंधाऱ्याने अडवलेलं. दरवाजे उघडायची वेळ आली तर बोटी कुठे बांधणार?

ओबी_व्हॅन

मग तारखा ऑक्टोबरात न्या. टोकियो १९६४ ऑक्टोबरातच झालं होतं.